उगाच वाजणारी घंटा

वरच्या मजल्यावर मुलगा फोन फिरवू लागला की खाली माझ्या फोनची घंटा हलकेच टिणटिणायची. दोन्ही फोन एकाच लाइनवर होते. तो क्वचितच खाली यायचा, पण त्या आवाजाने तो घरी असल्याचं मला कळायचं. तेवढ्याने बरं वाटायचं.

"बाबा, त्या घंटेने तुमची झोपमोड होते, बदलून घेऊ," सून म्हणाली. नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

मेकॅनिकने घंटेच्या वाट्या काढून इवलंसं सर्किट बसवलं. "आता फोन आला तरच वाजेल, आजोबा. उगाच टिणटिण बंद!"

"अजिबात नाही होणार?"

"नावालासुद्धा नाही."

"आणि हवी असली तर?"

तो खो खो हसला. "आजोबा, लोक मला ती घालवायला बोलावतात!"

संध्याकाळी घर चिडीचूप होतं. मुलगा आला असेल का? न राहवून मी रिसीव्हर उचलला. तो कुणाशी तरी हसत बोलत होता. मध्येच थांबून त्याने विचारलं, "कोण आहे लाइनवर?"

मी आहे, एवढंच सांगायचं होतं. मी रिसीव्हर अलगद खाली ठेवला.