विटेला न चालणारी माती

धाकटीनं पिंपाचं झाकण काढलं आणि सासूनं ओसरीवरूनच पदर नाकाला लावला.

"अगं, कुठला उकिरडा उकरलास सकाळी सकाळी?"

"पिंप ढवळतेय, आत्याबाई."

"त्यात मेलंय तरी काय?"

"मेलेलं काही नाही. सगळं जिवंत आहे, म्हणून तर वास येतोय."

सासू उठून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. वास काही दाराला भीत नव्हता. आम्ही शेजारचे, आमच्याही घरात तो कुंपणावरून यायचा. शेण, गोमूत्र, आंबलेलं ताक, ओढ्याकाठच्या जुन्या झाडाखालची भुसभुशीत माती आणि त्यात भिजत पडलेला कोळशाचा चुरा. धाकटी कोपरापर्यंत हात घालून ते कालवायची. साबणानं घासूनही हाताचा वास जायचा नाही, म्हणून बिचारी चमच्यानं जेवायची.

हे सगळं थोरल्यामुळं. थोरला म्हणजे तिचा दीर. ती बाळंतपणाला माहेरी होती, नवरा ट्रक घेऊन परमुलखात. तेवढ्यात ह्यानं वीटवाल्याला बोलावलं आणि दोघा भावांच्याही वाट्याच्या रानाची वरची काळी माती त्याला विकून टाकली. जनावराचं कातडं सोलावं तशी जमीन सोलून नेली. धाकटी तान्ह्या पोरीला घेऊन परत आली, तर रानात नुसता पिवळा मुरूम. कुदळ मारली की ठण्णकन वाजायची.

"भाऊजी, माती कुठं गेली?" तिनं विचारलं.

थोरला काडीनं दात कोरत म्हणाला, "मातीचं काय एवढं? येते पुन्हा."

त्या दिवसापासून तो समोर आला की ती वाट बदलायची.

शेतीखात्याच्या बाईंनी तिला उपाय सांगितला. खड्ड्यात काटक्या पेटवायच्या आणि राख व्हायच्या आत पाणी ओतून विझवायच्या. "पण नुसता कोळसा रानात टाकू नकोस," बाई म्हणाल्या. "तो रिकामा असतो, रोपाच्याच तोंडचं ओढून घेतो. आधी तो शेण-ताकाच्या पिंपात भिजव, त्यातले बारीक जीव त्याच्या भोकाभोकांत राहायला येऊ देत. जमिनीला जाग तेच आणतात."

पहिल्या हंगामात तिच्या रानात टीचभर चवळी आली. अख्खा गाव हसला, आम्हीही हसलो. ती पाट्या वाहत राहिली. पुढच्या हंगामात माती काळी दिसायला लागली, ओल धरायला लागली. ढेकूळ फोडलं की गांडूळ वळवळायचं. बांधापलीकडं थोरल्याच्या रानात मात्र शेळ्यासुद्धा थांबत नव्हत्या.

आणि एक दिवस थोरला त्याच वीटवाल्याला घेऊन तिच्या रानात शिरला. ती खुरपत होती.

"माझ्या वाट्यात काय करताय, भाऊजी?"

"बघायला काय जातंय? जमीन आमच्या बापाचीच ना?"

वीटवाल्यानं मूठभर माती उचलली, मुठीतच थुंकला आणि ती तळव्यावर मळत राहिला. धाकटीनं मान फिरवली. जरा वेळानं त्यानं माती झटकून टाकली.

"कोळसा आहे ह्यात," तो म्हणाला. "भट्टीत जळून जाईल अन् वीट पोकळ राहील. उचलली की भुगा. मला नको."

फटफटीला किक मारून तो निघून गेला. थोरला तिथंच उभा राहिला. त्याला शरम वाटली असेल, असं धाकटीला क्षणभर वाटलं.

"मग असं कर," तो म्हणाला, "त्या पिंपातलं मला चार पाट्या दे. माझ्याही रानात टाकू."

इतके दिवस घाणीत हात घालणाऱ्या धाकटीला तेव्हा किळस आली.

"कशाला? माती झाली की पुन्हा विकायला?"

"तसं नाही गं."

"एक भरलेलं पिंप तुमच्या दारात आणून ठेवते. पण कालवायचं तुम्ही, हातानं."

"काठीनं नाही चालत?"

ती पुन्हा खुरपायला बसली.

पिंप तिनं दुसऱ्या दिवशी नेऊन ठेवलं. ते अजून तिथंच आहे. थोरल्यानं झाकणाला बोट लावलेलं नाही. चहाच्या टपरीवर बसून तो भेटेल त्याला सांगतो, वाटणीत आपल्या वाट्याला जमीनच दळभद्री आली.