मिस्त्रींचे तीन शर्ट

"मिस्त्री, वर या. लेकीचा फोन आहे तुमच्या," वायरमनने खड्ड्यात डोकावून हाक मारली.

मिस्त्री तेव्हा मांडीएवढ्या मैल्या पाण्यात उभे होते. अख्ख्या शहराचं सांडपाणी जिथे जमतं आणि पुढे ढकललं जातं, त्या पंपघरातला दोन नंबरचा पंप सकाळपासून अडला होता. पात्यांत चिंध्या गुंतल्या होत्या आणि मिस्त्री त्या हातानेच ओढून काढत होते. तीस वर्षं ते हेच काम करत आले होते.

शिडी अर्धी चढून ते थांबले. हात फोनला लावण्यासारखे नव्हते. वायरमनने वाकून फोन त्यांच्या कानाशी धरला.

"बाबा, लगेच निघा. आई तुम्हाला विचारतेय. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या."

"काल तर बरी होती ना गं?"

"बाबा, निघा तुम्ही. प्लीज."

वायरमनने खिशातून गाडीची किल्लीही काढली. "चला, आहात तसे बसा मागे. दहा मिनिटांत पोचवतो."

"आंघोळ उरकतो आणि येतो."

"आंघोळ? ही काय वेळ आहे का, मिस्त्री? अंगाला ताडपत्री गुंडाळा, पण चला!"

"दवाखाना आहे तो. लेकीच्या सासरची माणसं आली असतील, मोठे डॉक्टर असतील. पाचच मिनिटं थांब."

पंधरा मिनिटं लागली. मोरीत उकिडवं बसून त्यांनी तीनदा साबण लावला. नखं घासली, कानामागे घासलं. साबण दोनदा सुटून नळाखाली गेला, तरी ते घासतच राहिले. मग लोखंडी कपाटातून त्यांनी पांढरा शर्ट काढला.

मिस्त्रींकडे तीन शर्ट होते, आणि तिन्हींची कामं ठरलेली होती. खाकी शर्ट खड्ड्यातला. तो कितीही धुतला तरी पत्र्यासारखा ताठ उभा राहायचा. राखाडी शर्ट बसमधून घरी जायचा, म्हणजे शेजारच्याने तोंड फिरवू नये. आणि पांढरा बँकेचा, शाळेचा, लग्नकार्याचा. पांढऱ्या शर्टात ते इतके नीटस दिसायचे की एका लग्नात शेजारी बसलेल्या गृहस्थाने त्यांना विचारलं होतं, "कुठल्या शाळेवर असता?" मिस्त्री म्हणाले होते, "पाणी खात्यात." खोटं म्हणावं तर तेही नव्हतं. ही गोष्ट बायकोला सांगितली तेव्हा ती हसून हसून बेजार झाली होती.

पण ही टापटीप काही हौसेची नव्हती. लेक आठ वर्षांची असताना एकदा शाळेतून निरोप आला, मुलीला ताप भरलाय, घेऊन जा. मिस्त्री होते तसे खाकी शर्टात धावले. लेक फाटकापाशी उभी होती. बाबांना बघून ती त्यांच्याकडे पळत सुटली, आणि मागून एक मुलगी "ईऽऽ" करून नाक दाबून ओरडली. लेक जागच्या जागी थांबली.  मग घरापर्यंत बाबांच्या दहा पावलं पुढे चालत राहिली, अंगात सणसणून ताप असताना. मिस्त्रींनी तिला उचलून घ्यायला हात पुढे केला होता. तो तसाच मागे घेतला.

बायकोलाही त्यांनी हे कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पंपघरातल्या कपाटात धुतलेले शर्ट आणून ठेवले आणि त्याला कुलूप तेवढं विकत आणलं.

दवाखान्याचा जिना ते दोन-दोन पायऱ्या टाकत चढले. वरच्या मजल्यावर लांबलचक बाकावर लेक एकटीच बसली होती. सासरचं कुणी आलं नव्हतं. मोठे डॉक्टरही नव्हते. बाबांना बघून ती उठली, आणि तिच्या उठण्यावरूनच मिस्त्रींना कळलं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच. दहा मिनिटं झाली असतील."

मिस्त्रींनी भिंतीला हात टेकला. लेक जवळ आली, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि एकदम मागे झाली. त्यांच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. साबणाचा वास भपकन आला होता.

"तुम्ही आंघोळ करून आलात, बाबा?"

"रस्त्यात गर्दी होती गं."

"बाबा."

मिस्त्रींनी ओल्या केसांवरून हात फिरवला.

"ती सारखी दाराकडे बघत होती," लेक म्हणाली. "मी म्हटलं, निघालेत, येतायत. तर म्हणाली, 'आंघोळ करत असतील.' हसली पण थोडीशी. मग डोळे मिटले, ते मिटलेच."

मिस्त्री बाकावर बसले. तिने ओळखलं होतं. तिला राग आला नव्हता, ती हसली होती. कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कोण बघायला बसलं होतं इथे तुम्हाला?" लेकीचा आवाज चिरकला. "असेच का नाही आलात? तिला काय वासाचं पडलं होतं? मला काय पडलं होतं?"

मिस्त्रींनी वर पाहिलं. लेकीचे डोळे रडून सुजले होते. शाळेच्या फाटकापाशीचं तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं, हे त्यांना स्पष्ट दिसलं.

"सवय गं," ते म्हणाले. "मूर्खपणाची सवय."

थोड्या वेळाने नर्स आली. अंगावरचे कपडे दवाखान्याचे आहेत, घरचे आणून द्या, असं ती हळू आवाजात म्हणाली.

"मी आईचा तो निळा रेशमी ड्रेस घेऊन येते," लेकीने डोळे पुसले. "माझ्या लग्नात तिने घातलेला. नवाकोरा आहे अजून."

"तो नको. त्याची कॉलर टोचते तिला. दारामागे अडकवलेला असतो ना गाऊन, फुलाफुलांचा, तो आण."

"तो? बाबा, तो किती विटलाय! कोपरावर ठिगळ आहे. आता लोक यायला लागतील, माझ्या सासूबाई येतील. काय म्हणतील?"

"म्हणू देत."

एवढंच ते म्हणाले, पण असं की लेकीने पुन्हा विचारलं नाही. ती घरी जाऊन गाऊन घेऊन आली. धुऊन धुऊन कापड इतकं मऊ झालं होतं की फुलं कुठली आणि पानं कुठली ते ओळखू येत नव्हतं. एका बाजूने नर्सने धरलं, दुसऱ्या बाजूने मिस्त्रींनी. त्यांनी बायकोचा हात बाहीतून अलगद बाहेर काढला. तळहात क्षणभर आपल्या गालाला लावला आणि खाली ठेवला. मग गुडघ्यांपासून वर एकेक बटण लावत आले.

गळ्याशी एक राहिलं. ते लावायला नर्सने हात पुढे केला.

"राहू द्या ते," मिस्त्री म्हणाले. "तिला गुदमरल्यासारखं होतं."