‘नंतर’ नावाचं बटण

औषधांची आठवण करून देणाऱ्या अ‍ॅपची ती प्रॉडक्ट मॅनेजर होती. त्यात काय ठेवायचं, काय वगळायचं, हे तिनंच ठरवायचं. आकडे सांगत होते की वयस्कर माणसं गोळी घ्यायची सोडून सारखं ‘नंतर’ हे बटण दाबतात. कंटाळा, दुसरं काय! म्हणून तिनं घंटा दुप्पट मोठी करायला सांगितली होती. उद्या ही मोठी घंटा सगळ्यांच्या फोनवर जाणार होती.

दुपारी ती आत्याकडे जेवायला गेली. पानं वाढली आणि आत्याच्या फोनवर त्याच अ‍ॅपची घंटा वाजली. आत्यानं ‘नंतर’ दाबलं, सावकाश जेवली, मग गोळी घेतली. दहा मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. आत्यानं मुकाट्यानं पुन्हा गोळ्यांची डबी उघडली.

“अगं, आत्ताच घेतलीस की!”

“मग हा का ओरडतोय? जेवणानंतर घेते, असं बटण दाबून सांगितलं होतं मी त्याला. मला वाटलं, शिकलेला आहे, त्याला जास्त कळत असेल.”

तिनं आत्याच्या हातातली गोळी हलकेच काढून घेतली.

“आत्या, चूक माझी आहे. त्या बटणावर काय लिहू, सांग ना.”

“‘अजून घेतली नाही’ असं सरळ लिही की! म्हणजे तो पुन्हा वाजला तरी कळेल, घेतली का एवढंच विचारतोय.”

तिनं लगेच ऑफिसला फोन लावला. “उद्याचं थांबवा. घंटा आहे तशीच राहू दे, आधी बटणावरचा शब्द बदलायचाय.”

आत्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. “येत जा गं अशी मधूनमधून. तिथे बसून तुला काय दिसणार?”