तीन दगडांची कबर

अम्मी मानतच नाही. "मरियमबी, तुझा नवरा दुबईत तापाने मेला" असं दाभोळात कुणी म्हटलं की अंगावर धावून जाते. "माझ्या इद्रीसचा बाप तांडेल होता, गलबत हाकणारा. दर्याने गिळला न् परत थुंकला त्याला. तो काय तापाने मरतो?" दर वर्षी अब्बाची गोष्ट वाढत गेली. आधी त्याने वादळातनं गलबत बाहेर काढलं, एवढंच होतं. मग वादळच त्याचं ऐकायला लागलं.

मी शाळा सोडून गनीचाचाबरोबर दुबईला निघालो तेव्हा म्हणाली, "तू स्वतः त्याची कबर बघ. फातिहा पढ. मग मी बांगड्या काढीन."

चाचाला कबर माहीत नाही. अब्बाला पुरलं तेव्हा तो बहारीनला होता. त्याच्याकडे फक्त अब्बाची टोपी आली, तापाच्या घामाने पिवळी पडलेली. पुरणारे कधीच पांगले. आणि इथे दुबईत, देराच्या कबरस्तानात नाव-बिव काही नाही. वाळू आणि दगड.

पण मी शोधली. बाकीच्यांना उशाशी-पायथ्याशी एकेक, पण एका कबरीला मधोमध तिसरा दगड होता. तांडेल माणूस, खलाशांनी मान म्हणून जास्तीचा लावला असणार! दर शुक्रवारी तिथे जाऊन बसायचो. दुकानात कुणाशी भांडलो, कुणाला शिव्या घातल्या, सगळं सांगायचो. दुसरं होतं कोण ऐकायला?

आमच्या खोलीत वसईचा बस्त्यावकाका राहतो. पाद्री व्हायला गेलेला, अर्ध्यातनं पळाला. माझ्यासारखाच शाळाबुडव्या, फक्त त्याची शाळा मोठी. एका शुक्रवारी मासे तळता तळता सांगत होता.

"ग्रीक लोकांचा झ्यूस. विजा फेकायचा. सगळ्या देवांचा बाप. पण क्रेट बेटावर लोक त्याची कबर दाखवायचे. आमच्या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांनी तेच धरलं. म्हणाले, कबर आहे म्हणजे मेला. मेला म्हणजे माणूस. असेल कुणी राजा. लोकांना आठवण सुटेना, म्हणून वाढवत वाढवत देव केला."

"सगळे असंच म्हणायचे?"

"काही म्हणायचे, मूर्तीमागे सैतान बसून बोलतो. मला कबरवाले पटतात. माणूस गेला की घरचे त्याला मोठा करतातच."

माझं डोकं सटकलं. "माझ्या अब्बाला बोलतोस?"

"झ्यूसला बोलतोय, गाढवा. मासा खा."

मी ताटली ढकलली आणि तडक कबरस्तानात गेलो. राखणदार म्हातारा अरब झाडत होता. हिंदी येत होती त्याला.

"हर जुम्मा इधर. कौन है तेरा?"

"बाप."

म्हातारा झाडू टेकून बघतच राहिला. "तीन पत्थर औरत का होता है, बेटा. मर्द का दो."

मी वळून बघितलं. दोन. दोन. दोन. भिंतीपर्यंत नुसते दोन-दोन दगड. रागाने मधला दगड उपटला, फेकायला हात वर केला. मग जिथला तिथे ठेवला, भोवती वाळू दाबली. कुणाची कोण बाई, माझ्या शिव्या ऐकत पडली होती.

परत आलो तर मासा झाकून ठेवलेला.

"काका, अम्मीला काय कळवू?"

"बघितली म्हण. रडेल आणि सुटेल."

"आणि नाही सापडली म्हटलं तर?"

तो माझ्या माशातले काटे काढत राहिला. "तर तुझा बाप विजा फेकत राहील."

हमदुल्ला तांडेलाचं गलबत दाभोळला निघालं तेव्हा मी अम्मीसाठी निरोप द्यायला धक्क्यावर गेलो. बघितली, असं म्हणायचं ठरवूनच गेलो होतो.

"काय रे इद्रीस, घरी काय सांगू? सापडली कबर?"

तोंड उघडलं. डोळ्यांसमोर अम्मीचे हात आले, बांगड्या उतरवणारे. मी न बघितलेल्या कबरीसाठी.

"नाही सापडली."

हमदुल्ला केवढा हसला! "मी म्हटलं नव्हतं? तुझा बापूस मरणाऱ्यांतला नाय!" खलाशांनाही ओरडून सांगितलं त्याने. तेही हसले. गलबत खाडीतनं बाहेर पडलं, आणि अब्बा मेलाय हे मानणारा धक्क्यावर मी एकटाच उरलो.

शुक्रवारी कबरस्तानात गेलो. आधी त्या बाईसाठी फातिहा पढलो. मग उठलो, भिंतीकडे तोंड केलं, आणि सगळ्या दोन-दोन दगडांना ऐकू जाईल अशी पुन्हा पढलो, मोठ्याने. म्हाताऱ्याने झाडू थांबवला होता.