किती मुली लागणार?

केबिन क्रूचं प्रशिक्षण देणारा बाबांचा वर्ग आता तिच्या गळ्यात पडला होता, आणि काकांनी वरचा मजलाही भाड्याने घ्यायचा घाट घातला होता. बाबांना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते.

"विमानं येतायत ढिगानं," काका म्हणाले. सरावासाठी मांडलेल्या, जुन्या विमानातल्या खुर्चीत ते ऐसपैस बसले होते. "विमानं गुणिले क्रू, तेवढ्या मुली लागणार. साधं गणित! दुपारी मालक सहीला येतोय."

गणित इतकं साधं होतं, म्हणूनच तिला खटकलं. "आणि जुनी विमानं कुठे जातात?"

"मला काय विचारतेस? मी काय भंगारवाला आहे?"

तिने चिमणीला फोन लावला, स्पीकरवर. चिमणी बाबांची जुनी विद्यार्थिनी, आता एका कंपनीत सीनियर.

"विमान जुनं झालं की काढतात गं ताई, आम्हाला नाही काढत," चिमणी हसली. "आम्ही बॅग उचलतो आणि नव्यात चढतो."

काकांनी उगाचच खुर्चीचा पट्टा लावला, काढला.

"मग नव्या मुली घेतात कधी?"

"थोड्या वाढीव विमानांसाठी. बाकी आमच्यातल्या कुणी नोकरी सोडली की. कुणाची कंबर धरते, कुणाचं मूल शाळेत जायला लागतं. सर दरवर्षी फोन करून विचारायचे ना, कोण दमलीय, कोण दुसरं काही शोधतेय. आम्हाला वाटायचं, किती जीव लावतात!"

तिला आठवलं. हे फोन झाले की बाबा बॅच ठरवायचे. कधी दोन, कधी एकच. घरात सगळे त्याला त्यांची लहर म्हणायचे. म्हणजे ती चौकशी बाजाराचा अंदाज घ्यायला होती? की एका फोनमध्ये दोन्ही मावत होतं? आता विचारणार कुणाला?

"यंदा कोण सोडतेय?"

"सांगते. पण सर आधी माझ्या गुडघ्याचं विचारायचे हं."

"कसा आहे गुडघा?" तिने विचारलं, आणि खरंच कान देऊन ऐकलं.

चिमणीच्या ओळखीत यंदा दोघीच सोडणार होत्या.

"मालकाला काय सांगू?" काकांनी विचारलं.

"वरचा मजला नको. आधी बाबांच्या बाकीच्या जुन्या मुलींना फोन करू. निम्म्या तुमच्याकडे."

"मी? मला कुठे जमतंय असलं गोड बोलायला!" काका कुरकुरले. मग चष्मा चढवून म्हणाले, "बरं, पहिली कोण?"