कौसाबाईंचं नाव

नीलिमाने अर्ज टेबलावरून पुढे सरकवला आणि पेन्सिलीने केलेल्या फुलीवर बोट ठेवलं.

"इथे सही करा."

यशोधराने पेन उचललं नाही. डाव्या मनगटाचं प्लास्टर ओढणीखाली घेऊन तिने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

अंबरनाथच्या या महिला मदत केंद्रात नीलिमाला दोन वर्षं झाली होती. घरातल्या मारहाणीविरुद्धचा नवा कायदा येऊन आठ-नऊ महिने झाले होते, आणि तेवढ्यात असे किती अर्ज तिने भरले त्याची गणती नव्हती. समोरची बाई बोलत असायची, तोवर हिचं पेन पुढे गेलेलं असायचं. आजही बाहेर बाकावर चौघी बसल्या होत्या.

"सासूबाई त्या दिवशी..." यशोधरा म्हणाली.

"त्यांना नका घाबरू. तुमच्या नवऱ्याबरोबर त्यांचंही नाव घातलंय मी."

"तसं नाय, मॅडम."

"हे बघा, तुमच्यात एकदम वेगळं व्हायचं म्हणजे सोपं नसणार, कळतं मला. उल्हासनगरला राहायची सोय केलीय. चांगली जागा आहे. संध्याकाळी आरती असते, मन रमतं."

यशोधराने मान वर केली.

"आमच्यात म्हणजे?"

नीलिमा काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. बोलणं संपवून ती वळली, तर खुर्ची रिकामी होती. अर्ज सहीवाचून तसाच पडला होता.

चार दिवस यशोधराचा पत्ता नव्हता. मोबाइल लागत नव्हता. नीलिमाचं चित्त थाऱ्यावर राहीना. डबा अर्धा तसाच घरी जाऊ लागला. सकाळी वर्तमानपत्राचं आतलं पान ती आधी उघडायची. पाचव्या दिवशी तिने अर्ज पर्समध्ये घातला आणि त्यावरच्या पत्त्यावर, बुवापाड्याला जायला रिक्षा केली. सासूशी कसं बोलायचं ते ती वाटभर ठरवत होती. आवाज चढवायचा नाही, पण पोलिसांचं नाव मात्र घ्यायचं.

दार सासूने, कौसाबाईंनीच उघडलं. काटक बांध्याच्या, साठीच्या बाई.

"जय भीम. केंद्रातल्या मॅडम ना तुमी? या."

"नमस्कार," नीलिमाच्या तोंडून गेलं.

आत यशोधरा मेथी निवडत बसली होती. शेजारी आणखी एक बाई होती. दाराचं कुलूप नवं कोरं होतं.

"प्रमोदकडं जुनी चावी हाय, म्हणून बदललं," कौसाबाई म्हणाल्या. "हिचा हात मोडला तवा मीच मधी पडले. पोराला भाईर काढला. आता बुद्धइहारातल्या बाया पाळीपाळीनं येऊन बसत्यात. तुमी कागद करता म्हनं. करा. माजं नाव घाला साक्षीला. कुटं घालायचं?"

नीलिमाने यशोधराकडे पाहिलं. ती मेथीवरून नजर काढत नव्हती. कागदावर काय लिहिलंय, हे तिने घरात सांगितलेलं नव्हतं.

हा अर्ज गुपचूप फाडून दुसरा भरता आला असता. पर्सच्या चेनवर नीलिमाचा हात थोडा वेळ थांबला. मग तिने अर्ज बाहेर काढला.

"मावशी, तुमचं नाव मी आधीच घातलंय. त्रास देणाऱ्यांत. कुणाला न विचारता."

शेजारची बाई निवडायची थांबली. कौसाबाईंनी कागद घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"कुटंय?"

नीलिमाने ओळ दाखवली. त्यांनी त्या ओळीवरून अंगठा फिरवला.

"इचारायचं हुतं, बाई."

"हो."

"मी सांगत होते, मॅडम," यशोधरा म्हणाली.

"हो," नीलिमा म्हणाली. त्या दिवशी केंद्राबाहेर बसलेल्या चौघी, तो फोन, सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तिने त्यातलं काहीच सांगितलं नाही. जुना अर्ज मधोमध फाडला, कोरा कागद मांडीवर घेतला आणि यशोधराला विचारलं, "राहायचं कुठे आहे तुम्हाला?"

"इथंच. हे माझं घर आहे."

नीलिमाने ते लिहिलं, वाचून दाखवलं. यशोधराने मान हलवली. मग ती कौसाबाईंकडे वळली.

"कुठून सुरू करायचं, ते तुम्ही सांगा."

कौसाबाईंनी पदराने तोंड पुसलं. दोनदा काही बोलायला गेल्या आणि थांबल्या. नीलिमाही थांबली.

"लिवा," त्या शेवटी म्हणाल्या. "पन हळू लिवा. पोरगा हाय माजा."