दिव्यानीचे टाळ

मोहखेडीच्या विठ्ठलमंदिरात डाव्या खांबाला एक खुंटी आहे. त्या खुंटीला ऑगस्टपासून एक टाळजोडी टांगलेली होती आणि तिला कोणी हात लावायचा नाही, असं गुणवंतराव महाराजांनी गावाला बजावून ठेवलं होतं. जोडी त्यांच्या लेकीची, दिव्यानीची. पोरगी अमेरिकेत शिकायला निघाली त्या सकाळी बापानं ती आपल्या हातानं टांगली, डोळे मिटले आणि देवाजवळ काहीतरी मागितलं. गावाला वाटलं, महाराजांनी लेकीच्या यशाचा नवस केला. खरी गोष्ट वेगळी होती. 'विठ्ठला, पोर लवकर परत आण,' एवढंच त्यांनी मागितलं होतं. कॉलेज चार वर्षांचं आहे हे त्यांना ठाऊक होतं. देवाला मात्र त्यांनी ते सांगितलं नाही.

महाराज म्हटलं म्हणून मठ आणि मोटार डोळ्यांसमोर आणू नका. तीन एकर धानाच्या बांध्या, दोन बैल, एक गाय आणि सप्ताह आला की हक्कानं बोलावणारी मूल-सिंदेवाहीकडची दहा-बारा गावं, एवढाच पसारा. गळा मात्र असा की वाघाच्या भीतीनं सांजेलाच दारं लावणारी माणसं बॅटऱ्या घेऊन कीर्तनाला यायची. दिव्यानी सात वर्षांची असल्यापासून त्यांच्या मागं टाळ धरून उभी राहिली आणि तेराव्या वर्षी पुढं आली. दत्तजयंतीच्या सप्ताहातलं तिसऱ्या दिवसाचं कीर्तन तिचं, हे कोणी न ठरवता ठरून गेलं. यंदा सप्ताह जवळ आला तसा जो तो विचारू लागला, तिसऱ्या दिवशी कोण? महाराज म्हणायचे, पाहू.

गावात फोन नीट लागत नाही. लागतो तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोठ्या मोहाच्या झाडाखाली. तिकडं उजाडल्याशिवाय जायचं नाही आणि एकट्यानं तर नाहीच, कारण पाळीच्या चिखलात वाघाचे पंजे आठवड्यातून दोनदा तरी दिसतात. म्हणून सकाळी काकडा आटोपला की महाराजांसोबत श्रावण निघायचा. श्रावण म्हणजे त्यांचा तीस वर्षांचा टाळकरी, अंगानं ठेंगणा आणि जिभेनं लांब. दोघं मोहाच्या मुळ्यांवर बसायचे. इकडं तांबडं फुटलेलं असायचं आणि तिकडं दिव्यानीच्या खोलीत अजून कालची रात्र असायची.

नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी तिचा आवाज बसलेला वाटला. सर्दी झाली का, असं विचारलं तर नाही म्हणाली, आणि मग हळूहळू सगळं सांगितलं. कॉलेजनं तिला ऑनर्सला घेतलं होतं, म्हणजे निवडक पोरांचा वेगळा वर्ग. त्यात पहिल्याच वर्षी स्वतःचा एक विषय धरून शोध करायचा असतो. तिनं विषय धरला होता मोहखेडीचा तलाव आणि त्याच्या पाण्याची गावानं लावलेली पाळी. लिहून दिलं ते सगळ्यांना आवडलं. पण तीन प्राध्यापकांसमोर बारा मिनिटं उभं राहून बोलायचंही होतं, आणि तिथं गाडी अडत होती. परदेशातून आलेल्या पोरांसाठी ग्रंथालयाच्या तळघरात इंग्रजीच्या मदतीचा वर्ग भरायचा. तिथल्या मॅडम, ज्यांच्या स्वेटरवर नेहमी मांजराचे केस असायचे, फार मायाळू होत्या. त्यांनी तिच्या कागदावर लिहिलं होतं: शब्द आहेत, व्याकरण आहे, पण बोलताना वाक्य मध्येच सोडून देते आणि ऐकणाऱ्यांकडं पाहत राहते. आत्मविश्वास कमी. बारा दिवसांनी परीक्षा. नाही जमलं तर ऑनर्स जाईल, ऑनर्सच्या जोरावर मिळालेली शिष्यवृत्ती जाईल आणि मे महिन्यात सामान बांधून मोहखेडी.

मे महिना ऐकताच महाराजांच्या छातीत काहीतरी हललं. ते दुःख नव्हतं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं आणि त्यांनी मान खाली घातली.

"बाबा, मी बोलून दाखवते. तुमी फक्त आयका," दिव्यानी म्हणाली.

"मले का समजते त्यातलं?"

"नका समजू देऊ. तुमी समोर बसले असं वाटलं पायजे मले."

ती बोलू लागली. फोन स्पीकरवर होता. त्या अनोळखी भाषेच्या ओढ्यात मधूनच एखादा ओळखीचा दगड दिसायचा, 'मोहखेडी', 'बांधी', 'पाट', 'बाबा'. आवाज मात्र सगळाच ओळखीचा होता. चढ तोच, उतार तोच. चार-पाच शब्द जोरात जायचे, सूर वर चढायचा आणि थांबायचा. पुन्हा चार शब्द, पुन्हा थांबा. महाराजांचा हात आपोआप मांडीवर ठेका धरू लागला. असं एकदा झालं, दोनदा झालं, आणि पाचव्या-सहाव्या वेळी श्रावणाला राहवलं नाही. त्यानं दोन्ही तळवे एकमेकांवर मारले आणि मोकळ्या गळ्यानं 'विठ्ठल विठ्ठल' उचललं.

पलीकडून दिव्यानी हसली. "काका, परीक्षा हाय माही."

"मंग थांबली काऊन? पोरगी थांबली का आमाले उचला लागते. तीस वर्षांची खोड हाय, आता कुठी जाईन?"

हसणं झालं, फोन ठेवला. पाळीवरून उतरताना श्रावण शेजारच्या गावच्या हार्मोनियमवाल्याची कुठलीशी फजिती सांगत होता, पण महाराजांना एक शब्द ऐकू येत नव्हता. पोरीचं दुखणं त्यांना सापडलं होतं. जे त्या मांजरवाल्या मॅडमना समजलं नाही, ते इंग्रजीचं अक्षर न येणाऱ्या बापाला समजलं. पोरगी वाक्य सोडून देत नव्हती. ती ते मागच्यांच्या हातात देत होती. कीर्तनात असंच असतं. पुढं उभा राहणारा अर्धा चरण म्हणतो आणि सोडतो, मागचे टाळकरी तो उचलतात, पूर्ण करतात, घोळवतात. तेवढ्यात पुढच्यानं दम घ्यायचा, पुढचं आठवायचं. सातव्या वर्षापासून तिनं असंच बोलणं ऐकलं, असंच बोलणं केलं. चार माणसांसमोर उभं राहायचं म्हणजे अर्धं आपण म्हणायचं, हेच तिला ठाऊक. बर्फातल्या त्या गावात ती अर्धं म्हणत होती आणि उरलेलं अर्धं उचलायला कोणी नव्हतं.

एका वाक्यात सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पोर फोनवर बोलून दाखवायची, थांबायची, आणि महाराज म्हणायचे, "चांगलं होऊन राह्यलं." त्यांनी खोटं बोलायचं ठरवलं होतं असं नाही. पण मागितलं ते देव देऊन राहिला आहे, आपण काही न करता देऊन राहिला आहे, मग मध्ये तोंड घालणारे आपण कोण, असं ते स्वतःला समजावत. देवाच्या नावावर माणूस काय काय खपवतो, यावर त्यांनी स्वतःच पन्नास कीर्तनं केली होती.

कमळाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कोणी काही सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी त्या धान वाळत घालता घालता सहज बोलाव्या तशा बोलल्या, "देवानं आयकलं वाटते तुमचं."

"काय आयकलं?"

"सत्तावीस वर्षं झाले, देवळात तुमच्या मागं बसून राह्यली मी. तोंड नाई दिसत, पाठ दिसते. तुमी काय मांगता आन् काय भेटते ते पाठीवरून समजते मले." त्यांनी पायानं धान सारखं केलं. "मले का वाटत नाई पोर घरी यावं? मी रोज तिच्या वाटणीची भाकर थापते आन् गायीले घालते. पण देवाले मी ते नाई मांगितलं."

संध्याकाळी सप्ताहाची तालीम होती. मंदिरात पाच-सात माणसं जमली. महाराज उभे राहिले, अर्धा चरण म्हटला आणि सवयीनं हात मागं करून सोडून दिला. श्रावणानं उचलला, बाकीच्यांनी उचलला, टाळांचा आवाज कौलांपर्यंत गेला. रोजचंच होतं ते. पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांना आपला हात दिसला. उघडा तळवा, मागं केलेला, काहीतरी देऊन टाकलेला. आणि मग दिसली दिव्यानी. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत, स्वेटर घातलेली, तसाच हात उघडा टाकून उभी. समोर तिघं जण कागदावर काहीतरी लिहून राहिलेले. मागं भिंत.

त्यांच्याकडून पुढचा चरण उचलला गेला नाही. श्रावणानं दोनदा ध्रुपद, अभंगाचं पालुपद, घोळवलं, तिसऱ्यांदा घोळवलं, मग टाळ थांबवून विचारलं, "महाराज, इसरले का?"

"नाई," ते म्हणाले. "आठवलं."

दुसऱ्या सकाळी पाळीवर दंव पडलं होतं. फोन लागताच महाराजांनी तिला बोलू दिलं नाही.

"माय, आयक. तू कुठीच चुकून नाई राह्यली. तू थांबते, ते आमी उचलावं म्हणून थांबते. आमी इथी हाओत ना. तिथी तुह्या मागं कोणी नाई."

महाराजांनी फोन तोंडाजवळ ओढला.

"तुहं ध्रुपद तूच धर. अर्धं सोडू नोको. पुरं म्हण, मंगच दम घे."

"बाबा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून कळलं की तिला ते नीट समजलं होतं, हवं होतं त्यापेक्षा जास्त. "थांबली का मले तुमी दिसता. श्रावणकाका दिसते. देऊळ दिसते. तेवढंच तर हाय माह्यापाशी."

महाराजांनी तलावाकडं पाहिलं. पाण्यावर धुकं होतं आणि धुक्यातून कुणाची तरी डोंगी हळू चालली होती.

"दिसू दे," ते म्हणाले. "दिसू दे, पण चालत राहा."

त्या दिवशी ती तीनदा बोलली. पहिल्यांदा थांबली. दुसऱ्यांदा थांबली आणि रडली. तिसऱ्यांदा मात्र जी निघाली ती तलाव, पाट, पाण्याची पाळी, शेवटच्या बांधीला आधी पाणी द्यायची गावाची रीत, सगळं पार करत सरळ शेवटापर्यंत गेली. श्रावण तळवे उघडे ठेवून बसला होता. ते एकमेकांवर आपटायला त्याला जागाच मिळाली नाही. महाराजांचा मांडीवरचा हातही मधूनच वर उचलला जायचा आणि तसाच खाली यायचा.

"कसं झालं?" तिनं विचारलं.

"जागाच नाई ठेवली तुनं आमाले."

"चांगलं का वाईट?"

"चांगलं," महाराज म्हणाले. श्रावण दुसरीकडं पाहत नाक पुसत होता. म्हणाला, थंडी हाय बाप्पा आज.

परीक्षा झाली. एका प्राध्यापकानं मोहखेडीच्या पाण्याच्या पाळीबद्दल इतकं विचारलं की बारा मिनिटांचे चाळीस झाले. ऑनर्स राहिलं. पुढल्या उन्हाळ्यातही ती तिथंच थांबून काम करणार, असं ठरलं. कमळाबाईंनी मंदिरात गूळ-फुटाणे वाटले आणि घरी येऊन चुलीपुढं बराच वेळ बसून राहिल्या.

सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी महाराजच उभे राहिले. त्याआधी त्यांनी डाव्या खांबाची टाळजोडी खाली काढली. ते पाहून बायांमध्ये कुजबुज झाली. पुढं बसलेल्या ठमाबाईंनी, ज्या दिव्यानीचं एकही कीर्तन चुकवत नसत, विचारलंच, "आली का जी पोरगी?"

"पोरगी नाई येत," महाराज म्हणाले. "टाळ जाऊन राह्यले तिच्यापाशी."

सप्ताह उरकल्यावर ते एसटीनं मूल गावच्या पोस्टात गेले. काउंटरवरच्या बाईंनी पत्ता दोनदा वाचला, आत काय आहे ते विचारलं, पार्सल उचलून पाहिलं, तसा आत टाळ वाजला. एवढ्या दूर जाणार, असं वाजत गेलं तर कोणी तरी फोडून पाहील, म्हणाल्या. महाराजांनी तिथंच बाकावर बसून पार्सल सोडलं. गळ्यातल्या उपरण्याचा पदर दातानं फाडला, त्याची नीट घडी केली आणि दोन्ही टाळांच्या मधे बसवली. मग हलवून पाहिलं, कानाशी धरून पाहिलं. आवाज येत नव्हता.